मेमरी १०४ डिग्रीला जाणारं वापरलेलं ३०९० ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

रेंडरवाली

नमस्कार मंडळी, दोन आठवडे डोक्यात एकच विषय घोळतोय म्हणून शेवटी इथे विचारते. मला २४ जीबीचं कार्ड हवंय. ब्लेंडर या ३डी प्रोग्रॅममधे सायकल्सवर (त्याचं रेंडर इंजिन) सीन रेंडर करते, म्हणजे सीनची तयार चित्रं काढते, आत्ताचं कार्ड ८ जीबीचं आहे आणि जरा जड टेक्स्चर टाकलं की मेमरी संपल्याचा एरर येतो, मग सगळं सीपीयूवर टाकायचं आणि रात्रभर वाट बघायची. नवीन २४ जीबीचं कार्ड बजेटच्या बाहेर आहे त्यामुळे वापरलेलं आरटीएक्स ३०९० शोधत होते.

एक मिळालंय. विकणारे गृहस्थ सरळ वाटतात, त्यांनी स्वतःहून सांगितलं की कार्ड गरम होतं, मेमरी १०४ ला जाते, पण हे मॉडेलच तसं आहे, सगळ्यांचंच जातं. स्क्रीनशॉट पण पाठवला, त्यात कोअर (कार्डाची मुख्य चिप) ६६ आणि मेमरी १०४. आता माझा गोंधळ असा की एकाच कार्डात हे दोन आकडे एकाच वेळी कसे असू शकतात? ६६ बघून वाटतं एकदम ठणठणीत आहे, १०४ बघून वाटतं हातही लावू नये. नेटवर शोधलं तर अर्धे म्हणतात ११० पर्यंत चालतं, अर्धे म्हणतात लांब राहा.

माझं काम गेमसारखं तासा-दोन तासाचं नसतं, एकेक रेंडर सहा-सात तास सलग चालतो. वॉरंटी संपलेली आहे. कार्ड मी कधी उघडलेलं नाही. घ्यावं का? आणि घ्यायचं ठरवलं तर आधी काय काय तपासू?

निळी_स्क्रीन

माझं स्पष्ट मत, नको घेऊस. मी अगदी असंच "गरम होतं पण चालतं" म्हणून एक कार्ड घेतलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. पहिले काही महिने काहीच त्रास नाही. मग एक दिवस स्क्रीनवर हिरवे-गुलाबी ठिपके दिसायला लागले, आधी फक्त गेममधे, नंतर नुसतं डेस्कटॉपवर असताना सुद्धा, आणि एका सकाळी चालूच झालं नाही. दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं मेमरीची एक चिप गेली. वॉरंटी नव्हती, सगळे पैसे पाण्यात. ज्या कार्डाचा आजार आधीच माहीत आहे ते आपणहून घरात कशाला आणायचं? थोडं थांब, पैसे साठव, दुसरं घे.

सोल्डर_आणि_तार

ताई, आधी तुमच्या गोंधळाचं बघू, कारण ते समजलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

कार्ड गरम होतं असं आपण म्हणतो पण त्यात तापमानं तीन वेगवेगळी असतात. एक कोअरचं, जे सगळीकडे मोठ्या आकड्यात दिसतं. दुसरं हॉटस्पॉट, म्हणजे त्याच चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. आणि तिसरं मेमरीचं, ते पूर्ण वेगळ्या चिप्सचं असतं, कोअरच्या भोवती आणि ३०९० मधे तर पाठीमागेही. तुमच्या आकड्यात कोअर आणि मेमरी यात ३८ डिग्रीचा फरक आहे, याचा अर्थ मुख्य कूलर आपलं काम नीट करतोय पण मेमरीची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. हा एकाच जागेचा आजार आहे, सगळं कार्ड आजारी नाही.

३०९० मधे हे होण्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. हे कार्ड सप्टेंबर २०२० मधे आलं तेव्हा त्यात जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी घातली, ती १९.५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) वेगाने चालते आणि साध्या जीडीडीआर६ पेक्षा जास्त तापते. त्या वेळी या मेमरीच्या चिप्स १ जीबीच्याच येत होत्या, म्हणून २४ जीबी करायला २४ चिप्स लागल्या, आणि एवढ्या एका बाजूला बसत नाहीत म्हणून १२ पुढे आणि १२ बोर्डाच्या पाठीमागे. पुढच्या १२ वर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आहे, पंखे आहेत. मागच्या १२ ना बहुतेक मॉडेल्समधे फक्त एक थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पुढे पोचवणारी मऊ पट्टी, आणि त्याच्यावर पत्र्याची बॅकप्लेट. त्या पत्र्याला वारा नाही काही नाही, म्हणून जोरात काम चालू असताना बॅकप्लेटला बोट लावून बघा, दोन सेकंदाच्या वर ठेवता येत नाही.

वर पंख्यांचा वेग बहुतांशी कोअरच्या तापमानावर ठरतो. कोअर ६६ म्हणजे कार्डाला वाटतं सगळं ठीक आहे, पंखे निवांत फिरतात आणि तिकडे मेमरी शंभरच्या वर शिजत बसते.

आता १०४ वाईट का? ११० च्या आसपास गेलं की कार्ड स्वतःच क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतं, म्हणजे १०४ ला लगेच काही जळणार नाही. पण मला त्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की तो आकडा कशात आला. स्क्रीनशॉट दहा मिनिटांच्या गेमचा असेल तर तुमच्या सहा तासाच्या रेंडरमधे ते ११० ला टेकणार आणि रेंडर हळू होणार. तासभर पूर्ण लोडवर ठेवून १०४ ला स्थिर राहिलं असेल तर गोष्ट वेगळी. हे त्यांना आधी विचारा.

माझ्याकडे स्वतःकडे ३०९० आहे, तेही वापरलेलं. घेतलं तेव्हा मेमरी १०८. उघडलं तर पॅड इतके वाळलेले की नखाने उचलताना भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुटत होते, आणि चिप्सच्या भोवती तेलकट ओल पसरलेली, बोट लावलं तर चिकट. ते पॅडमधलं सिलिकॉनचं तेल असतं, उष्णतेने बाहेर येतं आणि पॅड कोरडा पडतो. सगळे पॅड बदलले.

आणि इथे मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. पॅडची जाडी न मोजता सगळीकडे २ मिलिमीटरचे लावले, वाटलं जाड असले तर बरंच की, नीट दाबले जातील. मेमरी खाली आली पण हॉटस्पॉट सरळ १०० च्या वर. कारण जाड पॅडमुळे कूलर एका बाजूने किंचित उचलला गेला आणि कोअरवर नीट टेकतच नव्हता. परत सगळं उघडलं, पुढच्या बाजूला १.५ चे लावले, तेव्हा कुठे मेमरी ८८ आणि हॉटस्पॉट ७९ वर आला. प्रत्येक कंपनीच्या कार्डात या जाड्या वेगळ्या असतात, एकाच कार्डात पुढे वेगळी मागे वेगळी असते, त्यामुळे आपल्या नेमक्या मॉडेलची जाडी शोधल्याशिवाय पॅड मागवू नका. जाडीची खात्रीच नसेल तर थर्मल पुटी वापरा, ती मऊ असते, दाबली की जागेपुरती पसरते आणि कूलर उचलत नाही.

तर माझं मत, बाकी सगळं नीट असेल आणि दुखणं फक्त मेमरीपुरतंच असेल तर घ्या. हॉटस्पॉट पण वाढलेला असेल किंवा स्क्रीनवर एक जरी ठिपका दिसला तर घेऊ नका.

जुना_खेळाडू

सोल्डरभाऊंनी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त "माहीत असलेला दोष" या शब्दाबद्दल बोलतो कारण त्यात लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

काही कार्डं गरम होतात कारण ती तशीच बनवलेली असतात. २०१० चं जीटीएक्स ४८० आठवा, २५० वॅटचं कार्ड, ९० च्या वर जायचं आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत यायचा. २०१३ चं आर९ २९०एक्स तर ठरवूनच ९५ डिग्रीवर चालायचं, कंपनीने तेच लक्ष्य ठेवलं होतं. ही कार्डं आवाज करायची, खोली तापवायची, पण तो बिघाड नव्हता. ती वर्षानुवर्षं चालवलेले लोक मी पाहिलेत.

दुसरा प्रकार म्हणजे खरा बिघाड. त्याचं चांगलं उदाहरण डिसेंबर २०२२ मधे आलेलं एएमडी या दुसऱ्या कंपनीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स, त्यातही फक्त एएमडीच्या स्वतःच्या डिझाईनची कार्डं. काही लोकांचा हॉटस्पॉट थेट ११० ला जाऊन क्लॉक पडत होता. जर्मनीच्या डेरबाउअर या हार्डवेअर तपासणाऱ्या यूट्यूबरने ती कार्डं आडवी-उभी करून तपासली आणि दाखवलं की कार्ड कुठल्या दिशेला धरलंय त्यावर तापमान बदलतंय, म्हणजे दोष व्हेपर चेंबरमधे, कूलरमधल्या ज्या बंद पोकळीत पाण्याच्या वाफेने उष्णता पसरते तिथे. पुढे जानेवारी २०२३ मधे एएमडीने पण मान्य केलं की काही कार्डांच्या व्हेपर चेंबरमधे पाणी कमी भरलं गेलं होतं, आणि ती बदलून द्यायची तयारी दाखवली. आता असं कार्ड वापरलेलं घेतलं तर कोअर आणि कूलरमधली पेस्ट बदला, पॅड बदला, काहीही करा, उपयोग शून्य, कारण बंद चेंबरच्या आत तुम्ही पाणी भरू शकत नाही.

म्हणून मी गरम कार्ड बघताना एकच प्रश्न विचारतो, हा दोष माझ्या हाताने दुरुस्त होण्यासारखा आहे का? वाळलेला पॅड, हो. सुकलेली पेस्ट, हो. कॅबिनेटमधे हवा खेळत नाही, हो. व्हेपर चेंबर, नाही. बोर्डावरचं सोल्डर, नाही. २०२१ मधे एका ऑनलाईन गेमच्या बीटामधे (चाचणी आवृत्तीत) काही ३०९० कार्डं पटापट मेली तेव्हा सगळे म्हणाले जास्त गरम होऊन मेली, पण नंतर ज्या कंपनीची ती होती तिने स्वतः सांगितलं की वीज नियंत्रणाच्या भागात सोल्डरिंग नीट झालं नव्हतं. तापमान बघून ते कुणालाच कळलं नसतं.

रेंडरवाली, तुझं कार्ड पहिल्या गटातलं वाटतंय. अजून एक पर्याय मनात ठेव, मार्च २०२२ मधे आलेलं ३०९० टीआय. त्यात २ जीबीच्या चिप्स आल्या त्यामुळे सगळ्या १२ पुढेच बसल्या, पाठीमागे एकही नाही. मेमरीचं दुखणं तिथे मुळातच कमी. फक्त ते ४५० वॅटचं आहे, साधं ३०९० ३५० चं, त्यामुळे पॉवर सप्लाय त्या हिशोबाने लागेल.

निळी_स्क्रीन

दुरुस्त होतं हे मान्य, पण चिप आधीच किती वर्षं तापलीये ते कुणी सांगू शकतं का? नवीन पॅड लावल्याने झालेली झीज भरून येत नाही. आणि ३०९० म्हटलं की मायनिंगला (कार्डावर दिवसरात्र गणितं चालवून क्रिप्टो चलन मिळवायला) वापरलं असण्याची शक्यता पण धरायला पाहिजे, सप्टेंबर २०२२ मधे इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली आणि मायनिंगमधे सगळा ताण मेमरीवरच असतो.

सोल्डर_आणि_तार

@निळी_स्क्रीन बरोबर आहे तुमचं, झीज मोजता येत नाही आणि ती जोखीम राहतेच. म्हणून तर मी म्हणतो की घ्यायच्या आधी दमवून बघायचं, आणि किंमत ठरवताना हे कार्ड उद्या बंद पडू शकतं हे गृहीत धरायचं. तेवढी तयारी नसेल तर तुमचाच सल्ला योग्य.

रेंडरवाली

खूप आभार सगळ्यांचे, एवढं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना विचारलं, तो स्क्रीनशॉट वीस मिनिटं गेम खेळल्यावरचा आहे. म्हणजे माझ्या कामात अजून वर जाणार. मायनिंग केलं नाही म्हणतात पण ते पडताळायला मार्ग नाही.

ते म्हणाले येऊन हवं तितका वेळ तपासा. आता नेमकं काय चालवू? त्यांच्याकडे विंडोज आहे, माझ्याकडे घरी लिनक्स.

मध्यरात्र_२

विंडोजवर तपासणार असशील तर उत्तमच, कारण लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआय (३०९० बनवणाऱ्या एनव्हिडियाचं कार्डाची माहिती दाखवणारं साधन) उघडलंस तरी ३०९० च्या मेमरीचं तापमान दिसत नाही, त्या जागी काहीच आकडा येत नाही आणि लोकांना वाटतं सगळं आलबेल आहे. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा तापमानं दाखवणारा प्रोग्रॅम लाव, त्यात मेमरी जंक्शन नावाची ओळ शोध. ही ओळ सुद्धा २०२१ च्या सुरुवातीला आली, त्याआधी ही कार्डं घेतलेल्या लोकांना आपली मेमरी किती तापतेय ते कळतच नव्हतं.

फरमार्क हा कार्डाला ताण देणारा चाचणी प्रोग्रॅम नको, त्याने कोअरच जास्त तापतो. तुझा स्वतःचा सर्वात जड सीन पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तोच रेंडर लाव, निदान पाऊण तास. कॅबिनेट बंद ठेवायला सांग, उघड्या कॅबिनेटमधे सगळेच आकडे सुंदर येतात. तीन आकडे लिहून काढ, कोअर, हॉटस्पॉट, मेमरी. कोअर आणि हॉटस्पॉट यात १२-१५ चा फरक नेहमीचा, २५ च्या वर गेला तर पेस्ट गेलीये किंवा कूलर नीट बसलेला नाही. त्याच एचडब्ल्यूइन्फोमधे परफॉर्मन्स लिमिट थर्मल म्हणून एक ओळ आहे, ती होय झाली का बघ. झाली तर कार्ड गरम झाल्यामुळे स्वतःला आवरतंय.

मग आफ्टरबर्नरमधून (कार्डाच्या सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम) दोन गोष्टी करून बघ. पंखे हाताने ८५ टक्क्यांवर ने आणि दहा मिनिटं थांब. त्यानंतर पॉवर लिमिट ८० टक्के कर, म्हणजे ३५० चे साधारण २८० वॅट होतील, रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो. मेमरी या दोन्हीने किती उतरते ते बघितलंस की कळेल पॅड न बदलता तुझं काम भागेल का. पॉवर लिमिट लिनक्सवर पण एनव्हिडिया-एसएमआयने लावता येते त्यामुळे घरी अडचण नाही.

आणि एक, कार्ड बंद झाल्यावर बाहेर काढून वीज जोडायच्या सॉकेटमधे टॉर्च मारून बघ. प्लास्टिक पिवळं किंवा वितळल्यासारखं असेल तर सरळ परत ये. २०२२ च्या शेवटी नंतरच्या ४०९० कार्डाचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या, ते १६ पिनचे होते, जुने ८ पिनवाले बरेच दणकट आहेत, पण पिन सैल राहिली तर कुठलाही कनेक्टर तापतो आणि त्या जागेचं तापमान कुठलंच सॉफ्टवेअर दाखवत नाही.

तुझा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे? ३०९० ला एनव्हिडियाने ७५० सांगितलाय.

रेंडरवाली

८५० चा आहे. रविवारी जाते.

रेंडरवाली

जाऊन आले. जसंच्या तसं लिहिते.

कॅबिनेट बंद, माझाच सीन. पहिल्या दहा मिनिटात मेमरी ९८, पंचविसाव्या मिनिटाला १०६, चाळिसाव्याला १०८ आणि तिथेच राहिली. कोअर ६८, हॉटस्पॉट ८१, म्हणजे फरक १३. थर्मलची ओळ होय झाली नाही. बॅकप्लेटला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. पंखे ८५ वर नेल्यावर मेमरी १०० वर आली, आवाज चांगलाच वाढला. त्याच्यावर पॉवर लिमिट ८० टक्के केल्यावर ९४. रेंडरमधे एकही चुकीचा पिक्सेल नाही, दोन फ्रेम घरच्या जुन्या रेंडरशी ताडून बघितल्या. सॉकेट स्वच्छ, काळं प्लास्टिक काळंच. कडेने टॉर्च मारला तर बोर्ड आणि बॅकप्लेटच्या मधे तेलकट चकाकी दिसली, सोल्डरदादा म्हणाले तशीच.

हे सगळं त्यांच्या समोरच केलं आणि १०८ चा आकडा त्यांनीही बघितला, त्यांनी स्वतःहून किंमत बरीच कमी केली. अजून हो म्हटलेलं नाही, उद्यापर्यंत सांगते म्हटलंय. काय करू?

सोल्डर_आणि_तार

घ्या. हॉटस्पॉटचा १३ चा फरक म्हणजे कोअरची बाजू छान आहे, ८५ टक्के पंख्यावर मेमरी आठ डिग्री उतरली म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाट आहे, फक्त ती अरुंद झालीये. पॅड बदलल्यावर नव्वदच्या आत यावी.

उघडताना घाई करू नका. कार्ड आधी दहा मिनिटं गरम करून मग बंद करून उघडा, पेस्ट मऊ असते, कूलर ओढावा लागत नाही. स्क्रू कुठला कुठे होता त्याचे फोटो काढा. कूलर सुटला की एकदम उचलू नका, पंख्याच्या आणि लाइटच्या बारीक वायरी खाली बोर्डाला जोडलेल्या असतात, झटका दिला तर बोर्डावरचा सॉकेटच उपटून येतो आणि मग ते काम घरी होत नाही. आधी थोडी फट करा, आत बघा, वायर काढा, मग उचला. तेलकट भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कोअरची पेस्ट पण नवीन लावावी लागेलच, कूलर एकदा काढला की जुनी चालत नाही.

जुना_खेळाडू

माझंही हो. फक्त पॅड बदलेपर्यंत रात्रभर रेंडर लावून झोपू नकोस, पॉवर लिमिट लावून छोटी कामं कर.

निळी_स्क्रीन

मी अजूनही घेतलं नसतं, पण तू पाऊण तास बसून तपासलंस, मी माझं कार्ड घेताना पाच मिनिटंही बघितलं नव्हतं. घेतलंस तर महत्त्वाच्या कामाच्या फायली रोज दुसरीकडे ठेवत जा आणि जुनं ८ जीबीचं कार्ड विकू नकोस. हे बंद पडलं तर निदान स्क्रीन तरी दिसेल.

रेंडरवाली

घेतलं. जुनं कार्ड कपाटात ठेवलंय, निळी_स्क्रीनचं ऐकून.

काल पूर्ण दुपार त्यातच गेली. मागचे पॅड दोन ठिकाणी चिप्सना स्पर्शच करत नव्हते, पॅडवर चिपचा चौकोनी ठसा उमटलेला असतो ना, त्या दोन जागी ठसाच नव्हता, पृष्ठभाग अगदी गुळगुळीत. म्हणजे ते कारखान्यातूनच तसं आलं असावं, पॅड वाळणं ही नंतरची गोष्ट. जाडीचा आकडा माझ्या मॉडेलचा नीट मिळाला नाही म्हणून मागे पुटी वापरली, पुढे मोजून १.५ चे पॅड. पंख्याची वायर काढताना हात थरथरत होता पण निघाली.

आज तोच सीन, तोच बंद कॅबिनेट, पॉवर लिमिट ८० टक्के, पंखे ६५. चाळिसाव्या मिनिटाला कोअर ६४, हॉटस्पॉट ७६, मेमरी ८४. आत्ता हे लिहितेय तेव्हा तिसरा तास चालू आहे आणि मेमरी ८४ वरच आहे. जो सीन ८ जीबीवर उघडतच नव्हता त्याच्या १८० पैकी ७२ फ्रेम झाल्या.

मध्यरात्र_२

झकास! आठवड्याने परत एकदा तीन आकडे लिहून ठेव, पुटी बसायला थोडे दिवस घेते, एक-दोन डिग्री इकडेतिकडे होतील. दोन-तीन महिन्यांनी हॉटस्पॉटचा फरक पुन्हा बघ, काही पेस्ट कोअरवरून हळूहळू कडेला सरकतात आणि तो फरक १२ चा २० होतो. तसं झालं तर पुढच्या वेळी पेस्टऐवजी फेज चेंज शीट (गरम झाल्यावर मऊ होणारी पातळ चकती) लाव, ती सरकत नाही.

रेंडरवाली

लिहून ठेवलं. १८० झाल्या की इथे फ्रेम टाकते.